वडील ७० वर्षांचे आहेत. मेंदू तल्लख राहावा म्हणून सुडोकू आणि ब्राह्मी सुरू केली आहे. आणखी काय करावं?

सुडोकूने माणूस सुडोकूत तरबेज होतो, बस. आधी वडिलांचे कान तपासून घ्या.

सहा वर्षांपूर्वी आईने बाबांना शेव आणायला सांगितली, ते पाव घेऊन आले. दादाने तिथल्या तिथे निदान केलं: विसरायला लागलेत, वय झालं. दुसऱ्या दिवशी ब्राह्मीच्या गोळ्या आणि सुडोकूचं पुस्तक हजर. मी म्हटलं, ऐकू येत नसेल. तर म्हणे, "टीव्ही ऐकतात की!" ऐकत होते, अख्ख्या मजल्यासकट.

त्याच सुमारास त्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाणं सोडलं. गुडघ्याचं निमित्त सांगायचे. एकदा चहा पिताना बोलून गेले, "सगळे हसले की मग मी हसतो. किती दिवस करायचं ते?"

ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, काढला. उंच पट्टीचे आवाज गेले होते, म्हणजे स, श, फ असली अक्षरं. ओरडून काय उपयोग? आवाज मोठा होतो, शब्द कळत नाही. कानाचं मशीन घेतलं (दादाच्या मते पैसे पाण्यात) तर पेपरची घडी उलगडल्याचा आवाजही सोसेना. पंधरा दिवस मशीन चष्म्याच्या डबीत. दोनदा सेटिंग बदलून आणलं. दोन महिन्यांनी कट्टा सुरू झाला, पार्कला दोन फेऱ्याही. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. गुडघा कुठे गेला देव जाणे.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येतील अशा १४ गोष्टी दिल्यात. बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉल, सिगारेट, एकटेपणा यांच्याच पंगतीत कमी ऐकू येणं आहे, आणि तेही मध्यम वयापासूनचं.

आता, प्रत्येक विसराळूपणा कानामुळे नसतो. बी१२ आणि थायरॉइड तपासा, विशेषतः घरी शाकाहार असेल तर बी१२. ओळखीच्या रस्त्यावर चुकत असतील तर डॉक्टर गाठा. एका दिवसात अचानक बरळायला लागले तर थेट हॉस्पिटल. आणि मशीनने बाबांची स्मरणशक्ती वाढली असं मी म्हणत नाही. ती गेलीच नव्हती.

दादा, वाचत असशील तर: तू आता ५६चा आहेस आणि परवा तुझ्या टीव्हीवरच्या बातम्या मी लिफ्टमध्ये उभं राहून ऐकल्या.