दोन पायांच्या रोबोला पंखे लावून काय फायदा? त्यापेक्षा सरळ ड्रोनच बरा नाही का?

"पाय आहेत तर पंखे कशाला, अन् पंखे आहेत तर पाय कशाला?" शेवटच्या वर्षाच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) आमच्या गाइड सरांनी हेच विचारलं होतं. आम्ही चौघंही गप्प. तुमचा प्रश्न वाचून तो दिवस आठवला, म्हणून लिहायलो.

आमचा रोबो गुडघ्याएवढा. सर्व्होवर (हव्या त्या कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरींवर) चालणारे पाय, वर ड्रोनच्या चार मोटरी. लॅबच्या फरशीवर बरा चालायचा. दिवाळीत गंगाखेडकडं गावी नेला, सोयाबीनच्या खळ्यावर सोडला. पाय घसरायले म्हणून मी पंख्यांचा जोर वाढवला. तर जास्तच घसरायला. अजून वाढवला. सगळं भुसकट आईच्या तोंडावर अन् रोबो उताणा. अण्णा म्हणाले, "ह्ये चालायलंय का उडायलंय? त्यापेक्षा उफणायला लाव की."

चूक रात्री जेवताना कळली, तीही अण्णांमुळंच. गंगेत (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) छातीभर पाण्यात शिरलं की अंग हलकं होतं अन् पाय धरत नाही, असं ते म्हणाले. बस्स, तेच! पंख्यांनी वजन उचललं की तळपायाची पकड तेवढीच सुटते. पंख्यांनी तोल सांभाळायचा, पुढं जायचं ते पायांनी. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाचा असाच दोन पायांचा रोबो 'लिओ' (२०२१) बघा. उंची ७५ सेंमी, वजन २.५८ किलो, चार पंखे. पठ्ठ्या दोन झाडांमधल्या सैल पट्ट्यावरून चालतो, स्केटबोर्डवरही तोल धरतो. चालताना ५४४ वॅट खातो, उडताना त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे पाय शोभेला नाहीत, सर.

आता खरं सांगायचं तर त्या ५४४ मधले बहुतेक वॅट पंखेच खातात. शिवाय लिओची चाल सेकंदाला २० सेंमी. तेवढंच अंतर सेकंदाला ३ मीटरनं उडून गेला तर ऊर्जा जवळपास सात पट कमी लागते. नुसतं इथून तिथं जायचं असेल तर ड्रोनच घ्या, तेवढ्यापुरते सर बरोबर. पण उंचावरच्या विजेच्या लायनी नाहीतर पूल तपासायचे तर उडून पोचायचं, मग पाय टेकून काम करायचं. तिथं दोन्ही लागतात. व्हायव्हात एवढं एक वाक्य सुचलं असतं तर!

तुम्ही बनवणारच असाल तर आधी दोरीला टांगून, पंखे बंद ठेवून नुसते पाय चालवून बघा. अन् खळ्यावर नेऊ नका.