सासूबाईंचं आजारपण आणि माझी नोकरी

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची, कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, साडेआठ वर्षं झाली. दिवाळीनंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, सगळं अंथरुणातच. मिस्टर सेल्सला, सतत फिरतीवर. दीर-जाऊ पुण्याला, नणंद मिरजेत. दिवसाच्या मावशी १८ हजार मागतायत आणि माझ्या हातात पडतात २४. सगळ्यांचं एकच, सहा हजारासाठी कशाला दगदग, सोड नोकरी, पुढचं पुढे बघू. माझ्या मुलीला सासूबाईंनीच सांभाळलं म्हणून मी नोकरी करू शकले, त्यामुळे नाही म्हणताना मन खातं. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ते सहा हजाराचं गणितच मुळात चुकलंय. मावशींचा पगार फक्त तुमच्याच पगारातून का वजा करायचा? आई तिघांची आहे ना, मग १८ चे तीन भाग करा, प्रत्येकाला सहा येतात, आणि तुमच्या घराचे सहा मिस्टरांच्या पगारातून गेले तर काय बिघडलं. पण सुनेचा पगार म्हणजे वरखर्चाचा असं घरोघरी धरूनच चालतात, म्हणून हा हिशोब कोणी मांडत नाही.

आणि हातात पडतात तेवढेच तुमचे पैसे नाहीत. पीएफसाठीचा पगार १५ हजार धरला तरी महिन्याला तुमचे १८०० आणि कंपनीचे १८०० जमा होतात, कंपनीच्या त्या १८०० मधले १२५० पेन्शनला जातात. आता नीट बघा, पीएफवाली पेन्शन मिळायला १० वर्षं नोकरी लागते आणि तुमची झालीत साडेआठ!! दीड वर्ष राहिलंय आणि लोक म्हणतायत सोड. चाळिशीच्या तोंडावर सोडलेली अकाउंट्सची नोकरी दोन-चार वर्षांनी त्याच पगारावर परत मिळते असं निदान मी तरी फारसं पाहिलं नाही.

मन खातंय त्याबद्दल. सासूबाईंनी नात सांभाळली ती त्यांच्या मुलाचीही मुलगी होती, तुमच्या पगारावर घर चाललं ते त्याचंही घर होतं, मग फेड एकट्या तुमच्याच अंगावर का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सुद्धा आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर आहे, सुनेचं नाव त्यात नाही. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा असं मी मुळीच म्हणत नाहीये, पण दीर फोनवर "वहिनी आहेत म्हणून काळजी नाही" म्हणाले की हे डोक्यात असू द्या. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या, घरात कुणाला सांभाळणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी वेळ १४० मिनिटं निघाला, पुरुषांचा ७४. हे लहान मुलं धरून, आणि स्वयंपाक-धुणीभांडी वेगळीच.

कामाचंही तसंच वाटप करा, मोघम नको. अंथरुणातल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात, ते रात्रीही चुकत नाही. मिस्टर घरी असतील त्या रात्री त्यांच्या, अलार्म त्यांच्याच मोबाईलवर, डायपर पण त्यांनीच बदलायचा, आईचा आहे, लाजायचं काय त्यात. नणंद मिरजेत म्हणजे हाकेच्या अंतरावर, रविवार तिला द्या. दिरांना येणं जमत नसेल तर पैसे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. जखमा टाळायला एअर बेड (हवेची गादी) भाड्याने मिळतो, तो आधी आणा.

ऑफिसात राजीनाम्याच्या आधी बिनपगारी रजा लेखी मागा. कायद्याने हक्काची अशी रजा प्रायव्हेटमधे नाहीये (केंद्र सरकारी बायकांना ७३० दिवस मिळतात पण ते मुलांसाठी, सासूसाठी नाहीत), साहेबांच्या मर्जीचाच मामला आहे, पण साडेआठ वर्षांच्या माणसाला नाही म्हणणं त्यांनाही जड जातं, मार्चएंडला तर जास्तच. अर्धा दिवस किंवा घरून एंट्र्या करायचं पण विचारा.

एवढं करूनही सोडायची वेळ आलीच तर पीएफ ऑफिसातून पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका, फॉर्म १०सी भरताना स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे पुढे दुसरीकडे लागलात तर ही साडेआठ वर्षं त्यात धरली जातील.