१८९०च्या लँड-ग्रँट विद्यापीठांचं ध्येय: कागदावरचं आणि बांधावरचं

तुम्ही मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलंय. अमेरिकेतल्या एका ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ सरकारी लँड-ग्रँट विद्यापीठाकडून पीएच.डी.साठी बोलावणं आलंय. त्यांच्या ध्येयपत्रिकेतली ‘वंचितांची सेवा’ वगैरे वाक्यं शोभेची आहेत का, आणि भारतीय विद्यार्थ्याला तिथे कितपत जागा आहे, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जागा आहे. या विद्यापीठांचे दरवाजे सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुले आहेत. वेस्ट व्हर्जिनिया स्टेटमध्ये तर वर्णभेदाचे कायदे गेल्यावर गोरे विद्यार्थीच बहुसंख्य झाले. तेव्हा ती काळजी सोडा.

पहिल्या प्रश्नासाठी मात्र मागे जावं लागेल. १८६२च्या मॉरिल कायद्याने अमेरिकी सरकारने प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधल्या (तिथल्या संसदेतल्या) त्याच्या दर सदस्यामागे ३०,००० एकर या हिशेबाने जमीन दिली. ती विकून शेती आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची होती, म्हणून ती ‘लँड-ग्रँट’. ही जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरू नये. दक्षिणेतल्या राज्यांत या कॉलेजांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मिसिसिपीतल्या अल्कॉर्नसारखा (१८७१) एखादा अपवाद. मग १८९०चा दुसरा मॉरिल कायदा आला. त्याने राज्यांना सांगितलं, प्रवेशात वंश पाहू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संस्था काढा आणि निधी न्याय्य रीतीने वाटा. दक्षिणेने दुसरा मार्ग घेतला. ‘१८९०ची विद्यापीठं’ म्हणतात ती ही. आज ती १९ आहेत, त्यांत अलाबामातली टस्कीगी मोजली जाते आणि २०१४मध्ये सामील झालेली ओहायोतली सेंट्रल स्टेटही. म्हणजे त्यांचा जन्म भेदभावाच्या तडजोडीतून झाला. पण आत शिकवणाऱ्यांनी त्या तडजोडीचं जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

मिसूरीतलं लिंकन विद्यापीठ घ्या. मिसूरीत १८४७च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. यादवी युद्धात लढलेल्या ६२व्या आणि ६५व्या कृष्णवर्णीय पायदळ पलटणींतल्या सैनिकांनी आपल्या पगारातून ६,००० डॉलरांहून जास्त रक्कम जमवली, ती आपल्या लोकांसाठी शाळा काढायला. अट अशी की तिथे अभ्यासाला श्रमाची जोड असावी. १८६६मध्ये जेफरसन सिटीत वर्ग सुरू झाले. १८९०च्या कायद्यानंतर तीच संस्था लँड-ग्रँट झाली. सरकारी ध्येय नंतर आलं, सैनिकांचं आधीच ठरलेलं होतं. याच लिंकनचा पदवीधर लॉइड गेन्स. मिसूरी विद्यापीठाने त्याला वंशामुळे कायद्याच्या शाळेत घेतलं नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३८मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. राज्याने प्रवेश देण्याऐवजी घाईघाईने लिंकनच्या नावाखाली सेंट लुइसमध्ये वेगळी लॉ स्कूल उघडली. गेन्स मार्च १९३९मध्ये शिकागोतून बेपत्ता झाला, पुन्हा कधीच सापडला नाही.

आता ध्येयातला ‘विस्तार’, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवणं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी कुठेही शिकला असाल तर शिक्षण, संशोधन, विस्तार हे त्रिकूट तुम्हाला पाठ आहे. आपली कृषी विद्यापीठं याच लँड-ग्रँट नमुन्यावर उभी राहिली. अमेरिकेत विस्ताराला केंद्राचा पैसा १९१४च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने मिळाला, पण तो कुठल्या संस्थेने वापरायचा हे राज्य विधिमंडळावर सोडलं, आणि दक्षिणेत तो गोऱ्यांच्या संस्थांकडे गेला. त्याआधीच, १९०६मध्ये, टस्कीगीहून ‘जेसप वॅगन’ गावोगाव फिरू लागली होती. अवजारं, बियाणी, प्रात्यक्षिकं गाडीत घालून थेट शेतकऱ्याच्या दारात. ती आखली कार्व्हर यांनी. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही, फक्त त्यांचं हे विस्ताराचं काम आपल्याकडे भुईमुगामागे झाकलं जातं, याची मला नेहमी खंत वाटते.

१८९०च्या विद्यापीठांना संशोधन आणि विस्तारासाठी केंद्राचा नियमित निधी कायद्याने मिळाला तो १९७७मध्ये. एवढा उशीर! त्या दरम्यान काय गेलं पाहा. १९२०मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते, आज ते ५० हजारांच्याही खाली आहेत. कर्ज नाकारणं, दहशत, उत्तरेकडचं स्थलांतर ही कारणं आहेतच. शिवाय मृत्युपत्राविना राहिलेली जमीन. वारसांची नावं कागदावर चढत नाहीत, हिस्से होत जातात आणि एका वारसाचा छोटा हिस्सा विकत घेणारा परका माणूस न्यायालयातून सगळ्या जमिनीचा लिलाव घडवून आणू शकतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद रखडल्याचे परिणाम ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे लगेच कळेल. म्हणून या विद्यापीठांचे विस्तार कार्यकर्ते पिकांबरोबर जमिनीच्या कागदपत्रांसाठीही मदत करतात. मला विचाराल तर ध्येयाचा सगळ्यात खरा भाग हाच.

संशोधनाचे विषयही लहान शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले दिसतात. ओक्लाहोमातलं लँगस्टन शेळ्यांवरच्या कामासाठी ओळखलं जातं. आर्कान्सा-पाइन ब्लफ मत्स्यशेतीसाठी. केंटकी स्टेट मत्स्यशेतीबरोबर पॉपॉ या फळावर काम करतं, जे आपल्या सीताफळाच्याच कुळातलं आहे.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: पैसा. केंद्राच्या निधीइतकाच वाटा राज्याने घालायचा असतो. १८६२च्या विद्यापीठांना तो सहसा पूर्ण मिळतो, अनेकदा कितीतरी जास्त. १८९०च्यांना मात्र सवलतीची तरतूद वापरून राज्यं निम्म्यापर्यंत कमी देऊ शकतात. सप्टेंबर २०२३मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्र्यांनी १६ राज्यपालांना पत्रं लिहिली. १९८७ ते २०२० या काळात दर विद्यार्थ्यामागे समान निधी मिळाला असता, तर या विद्यापीठांच्या हाती १२ अब्ज डॉलरांहून जास्त आले असते, असा त्यांचा हिशेब. टेनेसी स्टेटचाच वाटा २ अब्जांवर. त्यामुळे एखादी प्रयोगशाळा जुनी दिसली तर दोष विद्यापीठाच्या माथी मारण्याआधी हे आकडे आठवा. लोक या विद्यापीठांना क्रमवारीवरून खालची ठरवतात, ते मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हा ध्येयपत्रिका खरी आहे का, हे त्यातल्या शब्दांवरून ठरवू नका. तुमच्या होणाऱ्या मार्गदर्शकांना ईमेल करून तीन गोष्टी विचारा. तुमचा प्रयोग विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर असेल की शेतकऱ्यांच्या जमिनीवर? निष्कर्ष विस्तार विभागाकडे कोणत्या मार्गाने जातात? तुमचा स्टायपेंड १९७७च्या कायद्यातल्या नियमित संशोधन निधीतून आहे की एखाद्या प्रकल्प-अनुदानातून? प्रकल्पातून असेल तर तो कोणत्या वर्षी संपतो आणि पुढची सोय काय, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी लेखी घ्या.