ऐकणाऱ्यांचे प्रश्न : ‘मूनलूप’ म्हणजे उरलंसुरलं नव्हे

प्रश्न : २००९ साली पवईला आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ महोत्सवात पॉर्क्युपाइन ट्री हे इंग्लिश रॉक बँडवाले प्रत्यक्ष ऐकले आणि तेव्हापासून त्यांच्या मागे लागलो. मोठे अल्बम बहुतेक सगळे आहेत. परवा जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या एकाकडे त्यांची १९९४ची ‘मूनलूप’ ही ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड, दिसली. दोनच रचना, आणि किंमत ऐकून घाम फुटला. मित्र म्हणतो, “दोन्ही गोष्टी ‘द स्काय मूव्हज साइडवेज’च्या नव्या आवृत्तीत आहेतच. शिवाय सगळा पिंक फ्लॉइड या जुन्या बँडचा शिळा माल.” घ्यावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी पैशांचं बोलून टाकू. नुसतं संगीत हवं असेल तर तुमचा मित्र बरोबर सांगतोय. त्या अल्बमची दोन सीडींची आवृत्ती घ्या. तिच्या दुसऱ्या सीडीवर ईपीतली दुसरी रचना ‘स्टार्स डाय’ आहे आणि ‘मूनलूप’ही आहे, फक्त मूळ उत्स्फूर्त वादन आणि त्याचा शेवटचा भाग असे दोन तुकडे वेगळे करून. रेकॉर्डच हवी असेल तर तो हौसेचा मामला झाला. त्यात मी पडत नाही. आमच्या घरात या विषयावर मला मत मांडायची परवानगी नाही.

पण ‘शिळा माल’ हे काही मला पटत नाही.

पॉर्क्युपाइन ट्री हा मुळात बँडच नव्हता हे लक्षात घ्या. १९८७ साली हेमेल हेम्पस्टेडच्या स्टीव्हन विल्सनने एका मित्राला हाताशी धरून केलेली ती थट्टा होती. सत्तरच्या दशकात होऊन गेलेला, लोक विसरून गेलेला एक महान बँड, त्याचा खोटा इतिहास, सर टार्क्विन अंडरस्पून असल्या नावाचे खोटे वादक, सगळं रचलेलं. प्रत्यक्षात घरच्या खोलीत बसून हा पठ्ठ्या जवळपास सगळं एकटाच वाजवायचा आणि ड्रमचं काम मशीनवर भागवायचा. डिलिरियम नावाच्या छोट्या कंपनीने त्याच्या घरगुती कॅसेटी विकायला घेतल्या, पुढे अल्बम काढले, आणि लोक खरोखरच विचारायला लागले की हे महाशय मंचावर कधी येणार. आता मंचावर खोटे वादक कुठून आणणार? म्हणून १९९३च्या डिसेंबरात पहिला कार्यक्रम झाला तो चौघांचा: गिटारवर विल्सन, की-बोर्डवर ‘जपान’ या गाजलेल्या बँडमधला रिचर्ड बार्बिएरी, बेसवर कॉलिन एडविन आणि ड्रमवर ख्रिस मेटलंड.

यानंतर अर्ध्या वर्षाने, २८ जून १९९४ला, हे चौघे हेन्ली-ऑन-थेम्सच्या ‘डॉगहाउस’ स्टुडिओत गेले आणि आधी काही न ठरवता चाळीसेक मिनिटं वाजवत राहिले. टेप चालू होती. तिच्यातून कापून बेतून १८ मिनिटांची ‘मूनलूप’ निघाली. जोडीला पाच मिनिटांचं ‘स्टार्स डाय’ ठेवून ऑक्टोबरमध्ये ईपी बाजारात आली.

‘द स्काय मूव्हज साइडवेज’ आला त्यानंतर, १९९५च्या सुरुवातीला. तो चौघांचा पहिला अल्बम म्हणून मिरवतो, पण त्यातला बराच भाग बँड जमण्याआधीच विल्सनने एकट्याने उभा केलेला होता. चौघं एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवताहेत, हे पहिल्यांदा ऐकू येतं ते या ईपीवर. ‘मूनलूप’ अल्बममध्ये गेली आणि ईपीची गरज संपली असं सगळ्यांनी धरून चाललं. माझ्या मते तिथेच गफलत आहे. अल्बमवर ती पाचव्या क्रमांकावर आहे, अल्बमच्याच नावाची जी रचना दोन भागांत तोडली आहे तिचा दुसरा भाग सुरू होण्याच्या अगदी तोंडाशी. ऐकणारा त्या दुसऱ्या भागाची वाट बघत असतो आणि ‘मूनलूप’ला दारातल्या पाहुण्यासारखं ताटकळत बसवलं जातं. ईपीवर ‘स्टार्स डाय’ संपतं, मग हिच्यासाठी मैदान मोकळं असतं.

आता कान कुठे द्यायचा ते सांगतो. गिटारकडे देऊ नका, ती आपोआप ऐकू येते. एडविनचा बेस धरा. तो छोटीशी ओळ घेतो आणि सोडतच नाही. तबल्याच्या सोलोमागे हार्मोनियमवाला लेहरा धरून बसतो तसा हा बसलाय, आणि बाकीच्यांना कुठेही भटकून परत यायची सोय करून दिलीय. मेटलंड सुरुवातीला जपून वाजवतो, झांजेवर जास्त, ड्रमवर कमी. बार्बिएरीची गंमत अशी की तो सोलो घेतच नाही. इतर की-बोर्डवाले बोटांची कसरत दाखवतात. हा एक सूर घेऊन त्याचा पोत बदलत राहतो, इतका हळू की कधी बदलला ते कळत नाही. शेवटाकडे लय चढते तेव्हा चौघं एकदम पुढे सरकतात. एकट्या माणसाने एकावर एक थर चढवून हे होत नाही. मशीन कधी दुसऱ्याकडे बघून हात उचलत नाही.

राहिला पिंक फ्लॉइडचा आरोप. अल्बमच्या शीर्षकरचनेवर तो लागू पडतो. एक लांब रचना दोन भागांत तोडून अल्बमच्या दोन टोकांना लावायची, ही युक्ती कुणाची ते शेंबडं पोरही सांगेल. पण ‘मूनलूप’चं कूळ निराळं. तिच्यात सत्तरच्या दशकातल्या जर्मन बँडांचं, कॅन आणि अ‍ॅश रा टेम्पलचं, एकच ठेका धरून बसणं आहे, आणि त्या काळच्या इंग्लंडची हवा आहे. १९९२ साली द ऑर्ब या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांचं ‘ब्लू रूम’ हे जवळपास चाळीस मिनिटांचं सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, तिथल्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं होतं. लांबलचक, तरंगतं संगीत तेव्हा म्हाताऱ्या हिप्पींपुरतं उरलं नव्हतं. नाचून दमलेली पोरंही पहाटे तेच लावून पडायची. विल्सनने ते ऐकलं होतं, आणि लपवलंही नाही.

चंद्राचा संबंधही नावापुरता नाही. दोन्ही रचनांत अपोलो ११च्या वेळच्या बोलण्याचे तुकडे आहेत. ‘स्टार्स डाय’मध्ये तर अध्यक्ष निक्सन चंद्रावरच्या दोघांशी टेलिफोनवर बोलताना ऐकू येतात. ईपी निघाली तेव्हा त्या उतरण्याला पंचवीस वर्षं झाली होती. अकूस्टिक गिटारवरचं इतकं उदास गाणं, आणि मध्येच सरकारी थाटाचं ते अभिनंदन! मला तिथे दर वेळी हसू येतं, आणि बहुधा यावं अशीच योजना असावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पवईला तुम्ही ज्याचे ड्रम ऐकलेत तो गॅव्हिन हॅरिसन. मेटलंड २००२ मध्येच बाहेर पडला होता. हॅरिसन तंत्रात शंभर पावलं पुढे, यात वाद नाही. पण ‘मूनलूप’ला मेटलंडचंच थोडं सैल, वाट बघणारं वाजवणं शोभतं. १९९७ साली रोममध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘कोमा डिव्हाइन’ या अल्बममध्येही ‘मूनलूप’वर तोच आहे. तेही मिळवा.

प्रश्न : माझा मुलगा ही असली अठरा-अठरा मिनिटांची गाणी लावतो. शब्द नाहीत, मुखडा नाही. मी आयुष्यभर किशोरीताई आणि कुमार ऐकले. यात ऐकायचं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काका, विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द किती असतात हो? दोन ओळी, त्याही निम्म्या कळत नाहीत. तरी आपण तासभर बसतोच ना. मात्र एक अपेक्षा सोडून बसा: इथे रागाचं चलन सापडणार नाही, आणि समेवर ‘वाह’ म्हणायला जाल तर फसाल. इथे बदलतो तो आवाजाचा रंग. मुलाला म्हणावं, मोठ्या स्पीकरवर लाव. फोनच्या स्पीकरवर बेसच ऐकू येत नाही, मग खरोखरच काही उरत नाही.

प्रश्न : याच बँडच्या अशा दुर्लक्षित छोट्या गोष्टी आणखी कोणत्या? रोज लोकलने जातो, वेळ बेताचा.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘स्टेअरकेस इन्फिनिटीज’ घ्या. १९९३च्या ‘अप द डाउनस्टेअर’ अल्बममधून बाहेर राहिलेल्या रचना आहेत, साधारण अर्ध्या तासात सगळं आटपतं. १९९२चं ‘व्हॉयेज ३४’ ही त्याआधीची पायरी, त्यात एलएसडी या अमली पदार्थाविषयीच्या एका जुन्या रेकॉर्डमधलं निवेदन वापरलंय. पण ते गर्दीत ऐकू नका, दोन लांब भाग आहेत, मध्येच ठाणे यायचं. घाईच्या दिवशी नुसतं ‘स्टार्स डाय’. पाच मिनिटं. सिग्नलला गाडी थांबली तर दोनदा होईल.