दरवर्षी कापूनही रिकाम्या प्लॉटवर टाकळा पुन्हा का उगवतो?

आपण लिहिले आहे की, गावाबाहेरच्या आपल्या रिकाम्या प्लॉटवर दर पावसाळ्यात टाकळ्याचे रान माजते, दिवाळीच्या सुमारास आपण ते कापून घेता आणि तरीही पुढच्या जूनमध्ये तो तितकाच दाट उगवतो. कापणी दिवाळीला होते, यातच बरेचसे उत्तर आहे.

टाकळा, म्हणजे विदर्भातला तरोटा, ही एका हंगामाची वनस्पती आहे. पहिल्या पावसाबरोबर उगवायचे, श्रावण-भाद्रपदात पिवळे फुलायचे आणि थंडीत वाळून जायचे, एवढेच तिचे आयुष्य असते. दिवाळीला आपण कापता ते झाड तसेही मरणारच असते. त्याच्या कोयत्यासारख्या बाकदार, वीतभर शेंगा मात्र तोवर पिकलेल्या असतात आणि ओढाताणीत तडकून तिथेच बी सांडतात. एका शेंगेत वीस-पंचवीस बिया सहज निघतात.

या बियांचे कवच फार कठीण असते. मी एकदा मूठभर बी रात्रभर पाण्यात ठेवले होते, तर सकाळी बहुतेक दाणे जसेच्या तसे टणक होते. त्यांतले काही खरकागदावर घासून पुन्हा भिजवले, तेव्हा ते टपोरे फुगले. शेतात हे घासण्याचे काम ऊन, पाऊस आणि माती सावकाश करतात. त्यामुळे सगळे बी एकाच वर्षी रुजत नाही आणि एक वर्ष कसून सफाई केली तरी मागची शिल्लक जमिनीत राहतेच.

दुसरे कारण जागेचे आहे. टाकळ्याला भरपूर ऊन आणि उघडी, उकरलेली किंवा तुडवलेली जमीन लागते, म्हणून तो रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या भरावावर आणि अति चराई झालेल्या माळावर दिसतो. दाट झाडीच्या सावलीत किंवा भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यात त्याचा जम बसत नाही. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ती आजूबाजूचे गवत खातात आणि टाकळ्याला आयती जागा मिळते. कडधान्यांच्या कुळातला असल्याने तो जमिनीत नत्र साठवतो, असे पुष्कळांना वाटते. पण झाड उपटून पाहा, हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा नत्र साठवणाऱ्या गाठी त्याला आढळत नाहीत.

तेव्हा उपटणी ऑगस्टमध्ये, फुले दिसू लागताच आणि जमीन ओली असताना करावी. नुसता शेंडा छाटू नये, कारण खालच्या पेरांतून फुटवे येतात. हे सलग काही वर्षे करावे लागेल. मात्र उपटून जमीन नागडी सोडल्यास तिथे गाजर गवत शिरण्याचा धोका असतो, आणि त्याला मागे रेटण्यासाठी टाकळ्याचेच बी पेरण्याचा सल्ला दिला जातो, हे लक्षात घ्यावे. त्यापेक्षा स्थानिक गवत वाढू द्यावे व चराई थांबवावी.

कुंपणालगत एखादा पट्टा मी राखला असता. कोवळी पाने आषाढात आठळ्या घालून भाजीला येतात, आणि ‘कॉमन ग्रास यलो’ या पिवळ्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या तिथेच पोसतात. फक्त त्या पट्ट्यातल्या शेंगा हिरव्या असतानाच तोडून घ्याव्यात.