वाचकांचे प्रश्न : गटाने दुचाकी सहल

प्रश्न : आमच्या क्लबाच्या २२ गाड्या पुणे–भोर–मांढरदेवी–वाई–पुणे अशी दिवसभराची राइड करणार आहेत. मागच्या राइडला शेवटचे चार-पाच जण सतत मागे पडत आणि मग सुसाट येऊन गाठत. याला उपाय काय? (कोथरूड, पुणे)

उत्तर : दोष मागच्यांचा नाही, रांगेचा आहे. पुढचा वळणावर ताशी ४० किलोमीटरवर येतो आणि बाहेर पडताच ६० करतो, तेव्हा विसाव्या क्रमांकाचा चालक अजून वळणाच्या अलीकडेच असतो. पडलेले अंतर भरून काढायला त्याला ८० ने यावे लागते. बहुतेक वेळा नवखा चालकही तिथेच, शेपटाला असतो.

शिवाय ६० च्या वेगाला दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ३३ मीटर. २२ गाड्या एकामागे एक लावल्या तर रांग ७०० मीटरची होते. भोरच्या रस्त्यावर तिला ओलांडायला निघालेली जीप हमखास मध्येच घुसणार.

म्हणून चार तुकड्या करा : ६, ५, ५, ६. दोन तुकड्यांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा. पहिल्या तुकडीत सगळे मुरलेले चालक घ्या, कारण वळणे दाखवायचे काम त्यांचे. कापूरहोळला महामार्ग सोडताना लीड, म्हणजे सर्वांत पुढचा चालक, ज्या जागेकडे बोट दाखवेल तिथे दुसऱ्या क्रमांकाने डांबराबाहेर, लांबून दिसेल असे थांबायचे. चौथ्या तुकडीचा स्वीप, म्हणजे सर्वांत शेवटी राहणारा चालक, दिसला की त्याच्या पुढे लागायचे. भोरमध्ये मांढरदेवीकडे निघताना तेव्हा लीडच्या मागे असेल त्याने हेच करायचे. मांढरदेवीला सगळे जमले की क्रम पुन्हा लावा.

उरलेल्या तुकड्यांत नवखा चालक लीडच्या थेट मागे हवा. लीडने त्याला आरशात बघत वेग ठरवायचा आणि वळण संपल्यावर तुकडीतली शेवटची गाडी बाहेर येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. ‘कोणीही कोणाला गाठायचे नाही’ हा एकच नियम सकाळी सांगितला तरी निम्मे काम होते. बाकी लांबलचक भाषणे कोणी ऐकत नाही.

मांढरदेवीला मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी गर्दी असते. पौषातल्या यात्रेच्या दिवसांत हा रस्ता धरूच नका.

प्रश्न : डावी-उजवी अशी तिरकी रांग घाटातही ठेवायची का? उसाची ट्रॉली आडवी आली तर काय करायचे? (सातारा)

उत्तर : घाटात मुळीच नाही. तिरकी रांग रुंद, सरळ रस्त्यासाठी असते. वळणात प्रत्येकाला आपली पूर्ण लेन लागते, खड्डा चुकवायलाही आणि चुकलेला अंदाज सावरायलाही.

हंगामात वाई–भुईंज पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. मागचा दिवा उसाखाली झाकलेला असतो आणि चालकाला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. मागची ट्रॉली खड्ड्यात सरकली की हातभर बाहेर झुलते, त्यामुळे तिला खेटून जाऊ नका. एका वेळी एकच गाडी पुढे काढा आणि पुढे गेल्यावर मागच्यासाठी जागा सोडून आणखी पुढे सरका. पुढच्याने हात हलवून ‘ये, ये’ म्हणायची सवय आधी मोडा. त्याला मोकळा दिसलेला रस्ता तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत मोकळा राहत नाही. रस्ता स्वतःला दिसला तरच निघायचे. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली आला तर चाक घसरते. तो चुकवता येत नसेल तर गाडी सरळ ठेवून, ब्रेक न लावता जाऊ द्या.

प्रश्न : राइडच्या आदल्या रात्री चेन आवळली. दुसऱ्या दिवशी गुरगुर सुरू झाली. मागे मित्र बसला की आवाज वाढतो. (नाशिक)

उत्तर : चेन जास्त आवळली गेली आहे. मागे माणूस बसला की शॉकअप दबतात, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) वर येतो, पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधले (चेनच्या दातेरी चक्रांमधले) अंतर वाढते आणि उरलीसुरली ढील संपते. मग सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर येतो, आणि हा खर्च चेनपेक्षा कितीतरी मोठा असतो.

बहुतेक रस्त्याच्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मध्यावर एकूण २५ ते ३५ मिलिमीटर हालचाल लागते. नेमका आकडा आणि कोणत्या स्टँडवर मोजायचे, हे मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असते. चाक हळूहळू फिरवून चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, त्यामुळे सर्वांत घट्ट जागा धरून ढील ठेवा. ॲक्सल नट सैल करा, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच मागे सोडा आणि चाक पुढे ढकला. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या की नट आवळून पुन्हा मोजा, कारण आवळताना चाक किंचित सरकते. मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा प्लेही (मोकळी हालचाल) तपासा. हे काम तीन-चार दिवस आधी करून २०–३० किलोमीटर गाडी चालवून बघा. आदल्या रात्री फक्त हवा आणि चेनचे तेल बघायचे.

प्रश्न : घाट उतरताना मागच्या डिस्क ब्रेकचे पेडल मऊ पडले. थांबल्यावर पुन्हा ठीक झाले. पॅड बदलू का? (कोल्हापूर)

उत्तर : पॅडची जाडी बघा, पण आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषते. पाय सतत पेडलवर राहिला की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल आत जाते. डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचे. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. वळणाआधी दोन्ही ब्रेक लावून पूर्ण सोडा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

प्रश्न : परतताना सुरूरहून महामार्गावर काय सांभाळायचे? (वाई)

उत्तर : खंबाटकीचा जुना बोगदा. साताऱ्याकडून येताना आत शिरण्याआधी हेल्मेटची काळी काच वर करा, हेडलाइट चालू ठेवा आणि बोगद्यात ओव्हरटेक करू नका. बाहेर पडताच उतार आणि इंग्रजी एससारखे वळण लागते. तिथे जड वाहने उलटल्याच्या घटना घडल्या आहेत, त्यामुळे वेग आतच कमी करा आणि कंटेनरच्या बाजूने जाऊ नका. मागच्यांची वाट बघायला वळणानंतर कडेला उभे राहू नका. जमायची जागा सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या पुढचा एखादा पेट्रोल पंप, आणि तो पंप वाईतून निघतानाच ठरवा. कोणी पोहोचले नाही तर लीडने मागे वळायचे नाही. मागे राहिलेल्यासोबत स्वीप आहे आणि स्वीपकडे फोन आहे. अपघात असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.