वाडा उतरवण्याआधी काय काय मोजायचं?

प्रश्न: नमस्कार दादा, भांडी बाजाराजवळ आमचा दोन चौकी वाडा आहे, सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. यंदा पावसात मागची भिंत बसली, महापालिकेची नोटीस आली आणि चारही भावांनी दिवाळीनंतर उतरवायचं ठरवलंय. भांडून उपयोग नाही हे मलाही कळतं. पण फोटोंशिवाय काही मागं ठेवता येईल का? आर्किटेक्टला द्यायला पैसे नाहीत.
– एक वाचक, जुनं नाशिक

उत्तर: येईल की ताई. सरकारवाड्याला राज्याचं पुरातत्त्व खातं आहे, पांडवलेण्यांना केंद्राचं आहे, तुमच्या वाड्याला तुम्हीच. आधी तीस मीटरचा टेप आणा, मोबाईल नंतर. लोक उलटं करतात, पाचशे फोटो काढतात आणि वर्षानं कुठला कोनाडा कुठल्या खोलीतला ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही.

मोजण्यातली चूक मी स्वतः केलीय. मामांच्या वाड्यात एकेक खोली सुटी मोजली आणि घरी येऊन कागदावर मांडली तर ओसरी चौकात शिरायला लागली, कारण भिंतींची जाडी धरलीच नव्हती! जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते, ती प्रत्येक दाराला घ्या. टेप दर वेळी उचलून नव्यानं लावला की बोटभर चूक होते आणि ती साठत जाते, म्हणून एका टोकाला शून्य धरून ठेवा आणि दार, खिडकी, खांब येईल तसे आकडे सलग वाचा. खोलीचे दोन्ही कर्णही मोजा, जुनी खोली काटकोनात असते हा आपला गैरसमज असतो (दोन्ही सारखे आले तर पेढे माझ्याकडून).

भिंत बसलीय तिथं टेकू लागल्याशिवाय जाऊ नका, पण बाहेरून त्या उघड्या भागाचा फोटो नक्की घ्या, शेजारी फूटपट्टी उभी करून. दगड कुठपर्यंत, भाजलेली वीट कुठं, आत माती की चुना, हे एरवी कुणाला दिसत नाही. मागं कधी सिमेंटचा गिलावा मारला असेल तर तेही लिहा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक आधी कुजतं, बहुतेक तुमच्याकडेही तेच झालं असावं. खाली पुराच्या पाण्याचा डाग असेल तर जमिनीपासूनची उंची घ्या आणि तो 2008 चा की 2019 चा ते घरच्यांना विचारून शेजारी लिहा.

लाकूड घेणारा आला की तो पहिला हात कोरीव खांबांना घालणार. त्याआधी खांब, तळखडा (खांबाखालचा दगड), तुळई सगळ्यांवर खडूनं नंबर टाका आणि तेच नंबर नकाशावर.

सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रकाची नक्कल काढून ठेवा. मोडी कागद निघाले तर लॅमिनेशन अजिबात नको, फोटो काढून सुती कापडात ठेवा.

आणि सासूबाई असतील तर या रविवारीच त्यांना घेऊन वाड्यातून फिरा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. बळदात (भिंतीतल्या धान्याच्या कोठीत) काय साठवायचे, बाळंतिणीची खोली कुठली, माडीवर कोण झोपायचं, ते टेपनं मोजता येत नाही आणि दिवाळीनंतर त्यांना बोट दाखवायला भिंत नसेल.